लाइट झपकली आणि मशीन थांबलं: व्होल्टेज सॅगवर काय करायचं, पहिल्या नोंदीपासून

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नव्याने कामाला लागलेली आयटीआय आणि डिप्लोमाची मुलं पहिल्या पावसाळ्यात हमखास एक प्रश्न विचारतात. "साहेब, लाइट तर गेलीच नव्हती. ट्यूब नुसती झपकली. मग सगळ्या सीएनसी (संगणकाच्या आदेशांवर चालणाऱ्या मशीन) अलार्ममध्ये का गेल्या?" प्रश्न अगदी बरोबर आहे. गेली कित्येक वर्षं बडोद्यातल्या लहानमोठ्या कारखान्यांत मेन्टेनन्स करताना मी या झपकीमागे धावलो आहे. सुरुवातीला चुकीच्या दिशेने धावलो आणि मालकांचे पैसेही त्यात गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे क्रमाने लिहितो आहे.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली या शहरात कलाभवन सुरू केलं, ते तंत्राचं शिक्षण इथल्या मुलांच्या हाती यावं म्हणून. आपल्या घरांत मराठी बोलतात आणि शॉपवर गुजराती-हिंदी. पण पॅनेलसमोर उभं राहून विचार करायचा तर तो आपल्या भाषेत जास्त स्वच्छ होतो, असा माझा अनुभव आहे.

आधी रोग नीट ओळखा

व्होल्टेज थोडा वेळ खाली जाऊन परत येणं म्हणजे सॅग. कुणी त्याला डिप म्हणतात, शॉपवर नुसतं "झपकी" म्हणतात. आयईईई ११५९ या मानकाची व्याख्या अशी: व्होल्टेज मूळच्या १० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान उतरलं आणि अर्ध्या सायकलपासून एक मिनिटापर्यंत तिथे राहिलं, तर तो सॅग. आपल्याकडे ५० हर्ट्झ आहे, म्हणजे एक सायकल २० मिलीसेकंदांची. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि तेवढ्यात मशीन थांबलेलं असतं. व्होल्टेज १० टक्क्यांच्याही खाली गेलं तर तो सॅग उरत नाही, त्याला खंड म्हणतात.

बोलताना एक गोंधळ कायम होतो, तो पहिल्याच दिवशी मिटवा. "३० टक्क्यांचा सॅग" म्हणजे ३० टक्के पडलं की ३० टक्के उरलं? दोन माणसं दोन अर्थ घेतात आणि चुकीची सेटिंग होते. म्हणून नेहमी उरलेलं व्होल्टेज सांगायची सवय लावा: "७० टक्के उरलं, ८० मिलीसेकंद."

सॅगची गल्लत सगळ्यात जास्त होते ती कायमच्या कमी व्होल्टेजशी. दिवसभर २३० च्या जागी २०५ मिळत असेल तर तो वेगळा आजार. भारतीय विद्युत नियम १९५६ च्या ५४ व्या नियमात लो टेन्शनसाठी (कमी दाब) अधिक-उणे ६ टक्के आणि हाय टेन्शनसाठी (उच्च दाब) अधिक ६, उणे ९ टक्के अशी मर्यादा होती. ती या स्थिर व्होल्टेजबद्दल होती. तिथे ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून किंवा सर्व्हो स्टॅबिलायझर बसवून काम होतं. सॅगला सर्व्होचा उपयोग नाही. सर्व्होच्या आत एक छोटी मोटर कार्बन ब्रश सरकवते. ती हलायला लागेपर्यंत १०० मिलीसेकंदांचा सॅग येऊन गेलेला असतो. सॅगसाठी म्हणून बसवलेले सर्व्हो मी इतक्या ठिकाणी पाहिले आहेत की ही गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला सगळ्यात आधी सांगतो.

मशीन का थांबतं

पॅनेलमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच, बघा. त्याची कॉइल एसीवर ओढून धरलेली असते. आयईसी ६०९४७-४-१ या मानकाप्रमाणे ती ८५ टक्क्यांना ओढली गेलीच पाहिजे, आणि सुटण्याची जागा २० ते ७५ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकते. सहसा निम्म्याच्या आसपास कॉन्टॅक्टर पडतो, तेही एका-दोन सायकलींत. आता स्टार्टरची वायरिंग आठवा. स्टार्ट बटणाला समांतर त्याच कॉन्टॅक्टरचा होल्डिंग कॉन्टॅक्ट असतो. कॉन्टॅक्टर एकदा पडला की तो कॉन्टॅक्टही उघडतो. व्होल्टेज लगेच पूर्ववत झालं तरी मोटर बंदच राहते, कोणीतरी जाऊन पुन्हा हिरवं बटण दाबेपर्यंत. लाइट न जाता मशीन थांबण्याचं सगळ्यात साधं कारण हे.

दुसरं नाजूक ठिकाण म्हणजे ड्राइव्ह. व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह. तिच्या आत डीसी बस असते, म्हणजे एसीची डीसी करून ठेवलेली जागा. तिचं व्होल्टेज साधारण ७० टक्क्यांच्या खाली गेलं की ड्राइव्ह "अंडरव्होल्टेज" दाखवून ट्रिप होते. पीएलसीचा (मशीनला क्रमाने हुकूम देणाऱ्या छोट्या संगणकाचा) पॉवर सप्लाय पूर्ण लोडवर एखादी सायकल कसाबसा तग धरतो. सिंगल फेज प्रिव्हेंटरही सॅगमध्ये उडतो, कारण बहुतेक सॅग तिन्ही फेजांवर सारखे नसतात आणि त्याला वाटतं की एक फेज गेली. मेन एसीबीवर (मुख्य सर्किट ब्रेकरवर) अंडरव्होल्टेज रिलीज, म्हणजे व्होल्टेज पडताच ब्रेकर उघडणारी कॉइल, असेल आणि त्याला डिले नसेल, तर मशीनच काय, अख्खी शॉप बंद.

म्हणजे थांबणारी वस्तू बहुधा ५० अश्वशक्तीची मोटर नसते. ती तर तेवढा वेळ नुसत्या जडत्वावरही फिरत राहिली असती. थांबते ती तिच्या डोक्यावर बसलेली काही वॅटची कॉइल. पुढचं सगळं मी याच एका गोष्टीभोवती सांगणार आहे.

पायरी १: वही घाला

पॅनेलजवळ एक वही आणि दोरीला बांधलेलं पेन. प्रत्येक झपकीची नोंद करायची: तारीख, सेकंदापर्यंत वेळ (मोबाइलचं घड्याळ चालेल), काय थांबलं, काय चालू राहिलं, त्या क्षणी आपल्याकडे काय सुरू केलं होतं, पाऊस-वारा होता का, आणि शेजारच्या शेडमध्येही झपकलं का. शेवटचा रकाना कधीच रिकामा सोडू नका. शेजाऱ्याला एक फोन लागतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत प्लास्टिक मोल्डिंगच्या एका कारखान्यात मशीनं रोज थांबायची. आम्ही कॉन्टॅक्टर बदलले, पीएलसीचं कार्ड बदललं, शेवटी मालकांनी सर्व्हो आणला. काहीच फरक पडला नाही. मग एका जुन्या वायरमन काकांनी भिंतीवर कागद चिकटवला आणि तीन आठवडे प्रत्येकाकडून नोंद करून घेतली. कागद वाचल्यावर दोन गोष्टी दिसल्या. काही थांबे रोज पाळीच्या सुरुवातीला, जेव्हा कॉम्प्रेसर आणि चिलर पाठोपाठ सुरू व्हायचे. बाकीचे वाऱ्यापावसाच्या दिवशी, आणि त्याच मिनिटाला शेजारीही वैतागलेले. दोन वेगळे आजार होते आणि आम्ही दोघांना मिळून तिसरंच औषध देत होतो. काकांचा तो कागद मी अजून विसरलो नाही.

वहीच्या जोडीला मापन हवं. साध्या मल्टिमीटरचा आकडा सेकंदाला दोन-चार वेळाच बदलतो, त्यात सॅग दिसत नाही. मिन-मॅक्स बटण असलेलं चांगलं मीटरही साधारण १०० मिलीसेकंदांपेक्षा छोटी घटना नीट पकडत नाही. पॉवर क्वालिटी अ‍ॅनालायझर भाड्याने मिळतो, तो किमान दोन-तीन आठवडे मेन इनकमरवर (कारखान्यात वीज येते त्या मुख्य जोडणीवर) ठेवा. आयईसी ६१०००-४-३० चा क्लास ए असेल तर उत्तम, कारण त्याचे आकडे वीज कंपनीपुढे ठेवता येतात. ट्रिगर ९० टक्क्यांवर लावा, व्होल्टेज आणि करंट दोन्ही जोडा. करंट का, ते पुढच्या पायरीत.

इथे हात आवरायचा. मेन इनकमरवर लावायचं उपकरण आणि त्याच्या लीड्स कॅट ४ या सुरक्षा श्रेणीच्या, ६०० व्होल्टच्या असल्या पाहिजेत. जोडणी शटडाउन घेऊन, लायसन्सवाल्या माणसासमोर. ११ के.व्ही. बाजूला फक्त मीटरिंगच्या पीटी-सीटीवरून (व्होल्टेज आणि करंट मोजण्यासाठीच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवरून) आणि परवानगी घेऊनच. तिथे नव्या मुलाचं काम म्हणजे लांब उभं राहून पाहणं.

पायरी २: आपला की बाहेरचा

अ‍ॅनालायझरवर सॅगचा क्षण उघडा. व्होल्टेज खाली जाताना करंट जोरात वर गेला असेल तर कारण आपल्या बाजूला आहे: काहीतरी सुरू झालं किंवा काहीतरी शॉर्ट झालं. व्होल्टेज पडलं पण करंट वाढला नाही किंवा कमीच झाला, तर कारण बाहेर, लाइनच्या बाजूला.

यात एक फसवी जागा आहे. बाहेरचा सॅग संपून व्होल्टेज परत येतं तेव्हा मंदावलेल्या मोटरी पुन्हा वेग पकडतात आणि त्या वेळी करंट उसळतो. नवखा माणूस ती उसळी बघून "आपलाच लोड" म्हणतो. म्हणून उसळी सॅगच्या आधी की नंतर, ते मिलीसेकंदांत तपासा. फिरत्या मोटरी बाहेरच्या फॉल्टला (लाइनवर शॉर्ट झालेल्या जागेला) पहिल्या एक-दोन सायकलींत थोडा करंट उलटाही पुरवतात, तेवढं सुरुवातीचं टोक सोडून द्या.

आकारही बोलतो. मोटर सुरू होण्याचा सॅग तिन्ही फेजांवर सारखा, एकदम पडणारा आणि सेकंदांत हळूहळू सावरणारा असतो. लाइनवरच्या फॉल्टचा सॅग चौकोनी दिसतो: झटक्यात खाली, थोडा वेळ सपाट, ब्रेकर उघडताच झटक्यात वर.

पायरी ३: आपलाच असेल तर

आधी आकडेमोड करा, ती सोपी आहे. ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर के.व्ही.ए. आणि टक्के इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) असतो. समजा २५० के.व्ही.ए. आणि ४.५ टक्के. २५० भागिले ०.०४५ म्हणजे साधारण ५,५५० के.व्ही.ए., ही त्याच्या लो टेन्शन बाजूची शॉर्ट सर्किट ताकद. ७५ किलोवॉटची कॉम्प्रेसर मोटर पूर्ण लोडला साधारण ९० के.व्ही.ए. घेते. डायरेक्ट ऑन लाइन, म्हणजे एकदम पूर्ण व्होल्टेजवर सुरू केली तर ६ पट, म्हणजे ५४०. आता ५४० ला ५,५५० अधिक ५४० ने भागा: जवळजवळ ९ टक्के घट. यात लाइनचा आणि केबलचा वाटा अजून धरलेलाच नाही. आधीपासून चाललेला लोड व्होल्टेज थोडं खाली ओढून बसलेला असतो, तेव्हा आपण ९० च्या खाली गेलोच. हीच मोटर ५०० के.व्ही.ए.च्या ट्रान्सफॉर्मरवर असती तर घट साडेचार टक्क्यांच्या आसपास राहिली असती.

पैसे न लागणारा उपाय आधी. दोन मोठ्या मोटरी एकत्र सुरू होऊ देऊ नका. टायमर लावून पाचदहा सेकंदांचं अंतर ठेवा. लाइट जाऊन परत आल्यावर सगळं एकदम सुरू होतं का, तेही बघा. त्या मोल्डिंगच्या कारखान्यात सकाळचा अर्धा त्रास एवढ्यावर संपला.

मग स्टार्टर. स्टार-डेल्टा स्टार्टर मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेतो. तो लाइनमधला सुरुवातीचा करंट एक तृतीयांशावर आणतो, वरच्या उदाहरणात घट ३ टक्क्यांवर येते. पण टॉर्कही एक तृतीयांश होतो. म्हणून कॉम्प्रेसर अनलोड करूनच सुरू व्हायला हवा. स्टारमधून डेल्टात जाण्याचा टायमर घाईने कमी केलेला बऱ्याचदा सापडतो. मोटर पूर्ण वेगाजवळ पोहोचण्याआधी डेल्टात गेली तर करंट जवळपास डायरेक्ट ऑन लाइनइतका उसळतो आणि स्टार-डेल्टा लावूनही सॅग तसाच राहतो. टोंग टेस्टर (केबलभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजणारं मीटर) लावून करंट खाली बसल्यावरच बदल होतो ना, ते डोळ्यांनी बघा. सॉफ्ट स्टार्टरने करंट साधारण तीन-चार पटीत राहतो. व्हीएफडीवर तो पूर्ण लोडच्या दीडपटीच्या आतच ठेवता येतो, पण फक्त सॅगसाठी व्हीएफडी घेणं मला महाग वाटतं. वेग बदलण्याचीही गरज असेल तर जरूर घ्या.

वेल्डिंग मशीन, इंडक्शन फर्नेस यांसारखे उड्या मारणारे लोड आणि सीएनसी एकाच फीडरवर (वीज वाटणाऱ्या एकाच लाइनवर) असतील तर नाजूक मशीनची केबल थेट मेन पॅनेलवरून वेगळी आणा. लांब, बारीक केबलवर दोघं एकत्र बसले की एकाचा धक्का दुसऱ्याला बसतोच. केबलच्या टोकांचे लग नीट क्रिम्प केलेले (दाबून बसवलेले) आहेत का, जॉइंट तापतात का, तेही बघा. न्यूट्रलचा ढिला जॉइंट सॅगसारखाच दिसतो आणि त्याहून धोकादायक असतो, त्यात एखाद्या फेजवर व्होल्टेज वरही जातं.

पायरी ४: बाहेरचा असेल तर

मुलांना सगळ्यात कठीण वाटतो तो हा भाग, पण एकदा चित्र डोळ्यांपुढे आलं की पुढचं सगळं उलगडतं.

सबस्टेशनमध्ये ६६ के.व्ही. वरून ११ के.व्ही. करणारा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या खाली एक बसबार, म्हणजे वीज वाटणारी जाड पट्टी, आणि त्या बसबारवरून निघालेले अनेक फीडर. समजा, तुमच्या शेजारच्या फीडरवर कुठेतरी फांदी पडून शॉर्ट झालं. त्या फीडरचा ब्रेकर उघडेपर्यंत प्रचंड करंट त्याच ट्रान्सफॉर्मरमधून वाहतो आणि बसबारचं व्होल्टेज खाली बसतं. बसबार सगळ्यांचा एकच. म्हणून फॉल्ट झालेल्या फीडरवरच्या लोकांची लाइट जाते, आणि बाकी सगळ्या फीडरवरच्यांची झपकते. तुमच्या झपकीचं मूळ तुमच्या लाइनवर नाहीच.

किती खोल? सोपा भागाकार. उदाहरणापुरतं धरा की सबस्टेशनपर्यंतचा इम्पिडन्स १ ओहम आणि लाइनचा दर किलोमीटरला अर्धा ओहम. १ किलोमीटरवर तिन्ही फेज शॉर्ट झाले तर बसबारवर ०.५ भागिले १.५, म्हणजे ३३ टक्के उरतील. ४ किलोमीटरवर झाले तर ६७ टक्के, ९ किलोमीटरवर ८२ टक्के. (कोनांचा हिशेब मी सोडला आहे, अंदाजासाठी एवढं पुरतं.) म्हणून सबस्टेशनजवळच्या पहिल्या दोन-तीन किलोमीटरमधली लाइन सगळ्यांत जपायला हवी. आणि संपूर्ण शहर एकदम झपकलं, रावपुऱ्यात भावाच्या घरी आणि मकरपुऱ्यात आपल्याकडे एकाच क्षणी, तर फॉल्ट बहुधा वर, ६६ किंवा २२० के.व्ही. च्या बाजूला आहे असं समजा.

किती वेळ? ब्रेकर उघडेपर्यंत. रिले (फॉल्ट ओळखून ब्रेकरला उघडायला सांगणारा) तात्काळ चालला तर सगळं मिळून १०० मिलीसेकंदांच्या आसपास. रिले वेळ लावून बसवलेला असेल तर अर्धा-एक सेकंदही. रिक्लोजरने (उघडलेली लाइन आपोआप पुन्हा जोडणाऱ्या ब्रेकरने) फॉल्ट तसाच असताना पुन्हा चार्ज करून पाहिलं, की शेजारच्या फीडरना दुसरी झपकी. पाठोपाठ दोन-तीन झपक्या आल्या तर त्याचा अर्थ हा.

बहुतेक फॉल्ट एका फेजचा जमिनीशी होणारा असतो. आपल्या वितरण ट्रान्सफॉर्मरची ११ के.व्ही. बाजू डेल्टा आणि ४१५ व्होल्टची बाजू स्टार असते. त्यामुळे वर एक फेज अगदी शून्यावर गेली, तरी खाली आपल्याकडे फेज-न्यूट्रल व्होल्टेज दोन फेजांवर ५८ टक्के उरतं आणि तिसरी ठणठणीत असते. फेज-फेज मोजलं तर एका जोडीवर ३३ आणि दोन जोड्यांवर ८८ टक्के. एकाच झपकीत काही मशीनं थांबतात आणि काही चालू राहतात, यामागचं कोडं इथे सुटतं: त्यांची कंट्रोल सप्लाय वेगवेगळ्या फेजवर आहे. पुढच्या वेळी कुठली फेज जाईल ते सांगता येत नाही, म्हणून फेज बदलून नशीब आजमावण्यात अर्थ नाही. पण ५८ हा आकडा लक्षात ठेवा. फेज-न्यूट्रलवर चालणारं जे उपकरण ५० टक्क्यांवर २०० मिलीसेकंद टिकेल, ते एका फेजच्या अशा बहुतेक फॉल्टमधून पार होतं.

एमजीव्हीसीएलकडे (इथल्या वीज कंपनीकडे) काय मागायचं? "तुमची लाइट खराब आहे" असं पत्र कुठेच पोहोचत नाही. वहीतल्या तारखा, सेकंदापर्यंत वेळ, उरलेलं व्होल्टेज, कालावधी असा तक्ता द्या आणि सबस्टेशनच्या रिले लॉगशी वेळा जुळवून कुठला फीडर ट्रिप झाला होता ते विचारा. शेडमधले चार-पाच कारखाने मिळून गेलात तर बोलणं सोपं होतं. एकाच फीडरचं नाव वारंवार आलं की पुढची मागणी ठोस करता येते: तिथली फांद्याछाटणी, तडकलेले पिन इन्सुलेटर, ढिले जंपर, लाइटनिंग अरेस्टर, जिथे झाडी दाट आहे तिथे आवरण असलेली वायर किंवा जमिनीखालची केबल, आणि रिलेची वेळ कमी करता येईल का. या शहराचं नावच वडावरून पडलं. झाडं तोडा असं कुणीही म्हणू नये, पण लाइनला टेकलेली फांदी पावसाआधी छाटलीच पाहिजे.

१४ आणि १५ जानेवारी वेगळे मोजा. उत्तरायणात तारांवर अडकलेला मांजा, त्यातही धातूचा अंश असलेला, दवाने ओला झाला की फॉल्ट करतो. नंतरही कितीतरी दिवस ते धागे वाऱ्यावर हलत राहतात. अखंड चालणारी प्रक्रिया असेल तर या दिवसांत नाजूक बॅच सुरू करू नका. आणि तारेवरचा पतंग कितीही छोटा असला तरी तो काढायला कुणालाही काठी घेऊन जाऊ देऊ नका.

पायरी ५: कमकुवत धागा मजबूत करा

बाहेरचे फॉल्ट कमी होतील, संपणार नाहीत. म्हणून मशीनला सहनशील करायचं. खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फायदा इथेच होतो, आणि मी हे कुठल्याही मोठ्या खरेदीच्या आधी करायला लावतो.

पहिलं काम सेटिंगचं, फुकटचं. सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि अंडरव्होल्टेज रिलेला डिले द्या. मोटरला अर्ध्या-एक सेकंदाच्या सॅगने काही होत नाही. पण उत्पादकाच्या मॅन्युअलमधली मर्यादा ओलांडू नका. एसीबीचा अंडरव्होल्टेज रिलीज डिलेवाला बसवा. ड्राइव्हमध्ये "कायनेटिक बफरिंग" नावाचं पॅरामीटर असतं: सॅगमध्ये ड्राइव्ह मोटरचा वेग किंचित उतरवून तिच्या जडत्वातली ऊर्जा डीसी बसला देते. पंखे, ब्लोअर अशा जड फिरणाऱ्या लोडवर हे छान चालतं. "फ्लाइंग स्टार्ट" चालू केलं तर ट्रिप झाल्यावर फिरत्या मोटरलाच ड्राइव्ह पकडते.

दुसरं, कंट्रोल सप्लाय वेगळी करा. पीएलसी, रिले, कॉन्टॅक्टरच्या कॉइल यांना मिळून बहुधा काहीशे व्होल्ट-अँपिअरच लागतात. तेवढ्यासाठी छोटा ऑनलाइन (सतत आपल्या इन्व्हर्टरमधूनच वीज देणारा) यूपीएस पुरतो. दुकानात मिळणारा साधा कॉम्प्युटरचा यूपीएस बदलायला काही मिलीसेकंद घेतो. पीएलसीला ते कधी चालतं, कधी नाही, म्हणून ऑनलाइनच घ्या. कॉइल ओढताना लागणारी ताकद धरून ठेवण्याच्या ताकदीच्या कितीतरी पट असते, माप घेताना ती धरा. नवीन पॅनेल असेल तर सरळ २४ व्होल्ट डीसी कंट्रोल करा आणि त्यावर बफर मॉड्यूल (थोडा वेळ पुरेल एवढी वीज साठवणारं) लावा.

यूपीएस नको असेल तर सीव्हीटी, म्हणजे कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर. त्यात हलणारा भाग नाही, बॅटरी नाही. लोडच्या दुप्पट-अडीचपट मापाचा घेतला तर खूप खोल सॅगमध्येही तो आउटपुट धरून ठेवतो. तो तापतो आणि गुणगुणतो, पण वर्षानुवर्षं चालतो. एकट्यादुकट्या कॉन्टॅक्टरसाठी कॉइलवर लावायचं होल्ड-इन मॉड्यूलही मिळतं.

आता माझी कळकळीची विनंती आहे, ही वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. कॉन्टॅक्टर सॅगमध्ये पडतो ही अडचण आहे, तशीच ती माणसाची सुरक्षाही आहे. पॉवर प्रेस, लेथ, मिक्सर, कन्व्हेयर, जिथे कुणाचा हात आत जाऊ शकतो तिथे मशीन थांबल्यावर आपोआप पुन्हा सुरू होता कामा नये. ऑटो रिस्टार्ट फक्त कूलिंग टॉवरचा पंप, बंद खोलीतला ब्लोअर अशांसाठी. आणीबाणीचं लाल बटण यूपीएसच्या नंतर, कॉइलच्या आधी असलं पाहिजे. मेन बंद केल्यावरही पॅनेलमध्ये यूपीएसची वीज राहते, म्हणून दारावर मोठ्या अक्षरांत लिहा: "मेन बंद असले तरी आत २३० व्होल्ट आहेत." ही पाटी नसल्यामुळे झटका बसलेला माणूस मी पाहिला आहे.

बदल केल्यावर तपासायचं असेल तर मशीन बंद ठेवून, पॉवर सर्किट वेगळं करून, फक्त कंट्रोल सर्किटला व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज हवं तेवढं कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) सप्लाय द्या आणि व्होल्टेज हळूहळू उतरवत कॉन्टॅक्टर कुठे पडतो ते लिहून ठेवा. खरा सॅग एकदम येतो, त्यामुळे आकडा थोडा वेगळा येईल. पण दहा कॉन्टॅक्टरमधला सगळ्यात नाजूक कुठला, ते यात कळतं.

पायरी ६: मोठी उपकरणं, गरज उरली तरच

वर सांगितलेलं सगळं करूनही एखादं मशीन थांबत असेल आणि एका थांब्याचा खर्च (वाया गेलेला माल, तुटलेलं टूल, पुन्हा सेटिंगचे तास) मोठा असेल, तर पुढचा विचार करा. हा खर्च वहीतूनच काढा, अंदाजाने नको.

डायनॅमिक व्होल्टेज रिस्टोअरर लाइनच्या सिरीजमध्ये बसतो आणि जेवढं व्होल्टेज कमी पडलं तेवढंच काही मिलीसेकंदांत घालतो. मोठ्या लोडला चांगला, पण पूर्ण खंड पडला तर बहुतेकांचा उपयोग नाही. स्टॅटिक ट्रान्सफर स्विच अर्ध्या सायकलच्या आत दुसऱ्या फीडरवर नेतो. घेण्याआधी दोन्ही फीडर वेगळ्या सबस्टेशनचे आहेत का ते विचारा, कारण एकाच बसबारवरचे असतील तर दोघंही एकदम झपकतील.

डिझेल जनरेटर सॅगसाठी नाही, तो चालू व्हायला सेकंद लागतात. कपॅसिटर पॅनेल पॉवर फॅक्टर सुधारतं. व्होल्टेज पडलं की त्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे नेमकी गरज असताना ते दुबळं होतं.

नवं मशीन घेताना मात्र ही सगळी मेहनत वाचवता येते. खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहा की मशीन सेमी एफ४७ या मानकाप्रमाणे सॅग सहन करणारं हवं: ५० टक्के व्होल्टेज ०.२ सेकंद, ७० टक्के ०.५ सेकंद, ८० टक्के १ सेकंद. हे मानक सेमीकंडक्टर कारखान्यांसाठी बनलं, पण आकडे कुणालाही मागता येतात. वरचा ५८ टक्क्यांचा हिशेब आठवा, हे आकडे त्याला पुरून उरतात. विक्रेता "आमच्या मशीनला काही होत नाही" म्हणाला तर चाचणीचा अहवाल मागा. मकरपुऱ्यातच १९७४ पासून एर्डा ही विद्युत उपकरणं तपासणारी संस्था आहे. चाचणी म्हणजे काय असते ते पाहायला या शहरातल्या मुलाला लांब जावं लागत नाही.

शेवटी, जे काही बदललं (डिले किती केला, कुठल्या ड्राइव्हचं कुठलं पॅरामीटर, यूपीएसची बॅटरी कुठल्या महिन्यात घातली) ते एका कागदावर तारखेसह लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, तो कागद हातात घेऊन एकेक सेटिंग पुन्हा तपासा आणि यूपीएसची बॅटरी लोडवर चालवून बघा. वही तिथेच ठेवा, फक्त पेनची शाई संपली नाही ना, ते पाहा.